मधली भिंत पाडलेल्या घराचे मृत्युपत्र

मी, बायाक्का भ्रतार कै. तिप्पाण्णा होसूरकर, वय अदमासे सदुसष्ट, राहणार वडगाव, बेळगाव, पुऱ्या शुद्धीत आणि कोणाचे दडपण नसताना पुढीलप्रमाणे लिहवून ठेवते. कानांनी कमी ऐकू येते खरे. पण भिंत सरळ आहे की कललेली, हे मला अजून दारातूनच कळते. सबब माझ्या बुद्धीबद्दल मागाहून कोणी शंका काढू नये.

कलम १. वडगावातील माझे राहते कौलारू घर माझ्या आईने मला चोळीबांगडीत दिलेले आहे. त्यावर सासरच्या कोणाचा हक्क नाही. ते मी माझी एकुलती लेक मनुबाई हिला देते. आता हे घर असे का आहे, तेही कागदावर असू द्यावे.

पूर्वी माग मधल्या खोलीत होता. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे आमचीच मातीची मधली भिंत, भरदुपारीही अंधार. यजमानांना धाग्यांचे रंग ओळखू येईनात. मनुबाई शेजारी बसून "आप्पा, हा हिरवा, हा जांभळा" असे सांगायची. डोळे गेले, असे सगळ्यांनी धरून चालले होते. पुढे प्लेगच्या साली आम्ही खासबागेकडच्या शेतात झोपडी बांधून राहिलो आणि माग मांडवाखाली लावला. तिसऱ्या दिवशी यजमान म्हणाले, "मनू, तू जा खेळायला. मला दिसतंय."

त्यांचे डोळे गेले नव्हते. घर आंधळे होते.

गावात परतताच मी ताण्याचे सूत जमिनीवर अंथरून नवे घर आखले. मधली भिंत काढायची, तिच्या जागी दोन खांबांवर सागवानी तुळई, आणि घरामागच्या परड्याकडच्या उत्तरेच्या भिंतीत तीन मोठ्या खिडक्या. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, ऊन धाग्यावर येत नाही.

माझे दीर अंबाजी यांनी पंच बोलावले. म्हणाले, "वैनी, आढं त्या भिंतीवर हाय. घर खाली आलं तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं?" ज्योतिबा गवंडीही हटून बसले. "बाईनं आखायचं आनि मी फोडायचं? न्हाय जमायचं."

मी म्हटले, "तुळई आधी घाल, भिंत मग काढ. शेवटचा टेकू निघंल तवा मी खाली बसते."

तशी मी बसले. सूत गुंडाळायचा रहाट घेऊन रंगीत सुताच्या कांड्या भरू लागले. यजमान उठून आले आणि माझ्या शेजारी मांडी घालून म्हणाले, "मग मी बी हितंच." बाहेर पंच, आत आम्ही दोघे. ज्योतिबांनी टेकूवर घाव घातला. माती पडली, तुळई एकदा करकरली. एक कौलसुद्धा सरकले नाही. धूळ खाली बसली आणि उजेड माझ्या मांडीवरच्या कांड्यांपर्यंत आला. यजमान एकेक कांडी उचलून रंगाचे नाव घेत राहिले.

त्यानंतर त्यांनी अकरा वर्षे विणले. एकाही साडीच्या काठात चूक निघाली नाही.

कलम २. उत्तरेच्या खिडक्या कोणी बुजवू नयेत, परड्यात काही उभारू नये. बाकी कुठली भिंत पाडावीशी वाटली तर, मनू, खुशाल पाड. मला आवडले असते का, याचा विचार करत बसू नकोस.

कलम ३. भिंत सरळ आहे का ते पाहण्याचा ओळंबा. हा ज्योतिबांचा. टेकू निघाल्यावर त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आक्का, आता तुम्ही सांगा, मी बांधतो." आम्ही दोघांनी मिळून वडगाव-शहापुरात एकतीस घरे उजेडात आणली. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने तर गाडी पाठवून मला नेले आणि आपली जुनी वखार राहण्याजोगी करून घेतली. ओळंबा मनुबाईकडे राहावा. पण घर बांधणाऱ्या कोणालाही तो नाकारू नये.

कलम ४. दीर अंबाजी यांना काही देत नाही. हे रागाने नाही, असे लिहिणार होते. पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. त्यांनी दोन वर्षांनी माझ्याच घरासारखे घर बांधले, खिडक्यांसकट, आणि कोणाचे पाहून बांधले ते आजवर सांगितले नाही. त्यांना एवढेच कळवावे: तुमच्या खिडक्या वीतभर खाली झाल्या आहेत. वर घ्या, सुनेच्या मागावर उजेड येईल.

कलम ५. माझा माग विकू नये. तो चालू ठेवावा.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, समजले, कबूल आहे.

मुक्काम वडगाव, तारीख १२ फेब्रुवारी १९३१.

बायाक्का होसूरकर, डाव्या अंगठ्याची निशाणी.

साक्षीदार: १. ज्योतिबा गवंडी, निशाणी ओळंबा. २. जिनदत्त मास्तर, मराठी शाळा, सही.

खाडाखोडीचा खुलासा: निशाणीखाली लेखनिकाने धंदा "घरकाम" असा घातला होता. तो शब्द लिहून देणारीने खोडायला लावून "घरे आखणे" असा घातला आहे. खाडाखोड दोन्ही साक्षीदारांस मान्य.