माहेरची काशाची वाटी

रविवार, होळी तोंडावर

वाटी माझ्या माहेरची, अन् पाय घासतेत धाकट्या जावंचे! नाथषष्ठीला पैठणला पायी जायचं म्हणून दीर रोज संध्याकाळी तिच्या तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासतोय. वरून गुलमंडीच्या बाजारातून तिला मऊ बूट आणले. भाजीला बी रिक्षानं जाणारी बाई ती! मी दरसाल चालते. फोड आले की सुई-दोरा घालून मीच पाणी काढते.

आज ह्यांना म्हणलं, "माझे बी घासा की."

"तुझ्या टाचांनी वाटीच झिजंल," म्हणले. जाऊ लई हसली.

बूट नको मला. पण माझ्याच वाटीनं तिचे पाय... मला एवढं का लागावं? उद्या ह्यांना तोंडावर विचारते, "माझे पाय हातात घेताव का नाय? होळी झाली की चालायला निघायचंय, त्याच्या आत सांगा."