चहाचा रकाना

महबूला, कुवेत
२८ मार्च २०२५

चि. अक्षरास,
देवेंद्रकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकडे विलायतेत हॅल्डनच्या नगरपरिषदेसाठी तू अपक्ष उभी आहेस, हे सांगायला तुझे बाबा खास इथल्या मंगफहून आले आणि तासभर धुसफुसले. सहा वर्षे सॉलिसिटर म्हणून लोकांच्या घरखरेदीची कागदपत्रे तपासलीस, आता फर्म भागीदारी देऊ करते आहे आणि पोरगी दारोदार फिरणार, असे अरुणचे म्हणणे. हरलीस तर राजकारण सोडून भागीदारी घेशील, असे वचन त्याने घेतल्याचेही कळले. तेव्हा हरून चालणार नाही.

आता नीट समजून घे. वॉर्डात घरे बाराशे, हाताशी तीस संध्याकाळी. म्हणजे रोज चाळीस दारे, प्रत्येकी तीन मिनिटे: अर्धे नमस्काराला, एक ओळखीला, उरलेली दीड त्यांच्या तक्रारीला. सोबत तक्ता जोडला आहे. शाळेत सव्वीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवतो, पण इथे राहून मत द्यायचा योग कधी आला नाही. त्यामुळे तुझ्या निवडणुकीत माझाही जीव अडकला आहे.

प्रकृतीस जप आणि आमच्यावरची माया अशीच राहू दे.
तुझा,
देवेंद्रकाका

हॅल्डन
१२ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तक्ता पहिल्याच दिवशी कोलमडला आणि दोष तुमचा आहे! कोणाच्या घरी पुढे आलेला चहा नाकारायचा नाही, हे मला तुम्हीच शिकवलेत. इथले उमेदवार उंबऱ्यावरून पत्रक देऊन निघतात. मला मात्र कोणी सहज आत बोलावले की मी कप हातात घेऊन बसलेली असते. आतापर्यंत चारशेहून अधिक दारे व्हायला हवी होती, झाली एकशे दहा. प्रचार सांभाळणारी माझी मैत्रीण प्रियांका विचारते, मते मागायला निघालीस की चहाची परीक्षा घ्यायला? बाबा तर रोज फोनवर, फर्मला होकार कधी कळवणार, असे विचारतात. उपाय सांगा.

लोभ आहेच, तो वाढू द्यावा.
आपली,
अक्षरा

महबूला
१७ एप्रिल

चि. अक्षरास,
अनेक आशीर्वाद.

उपाय अगदी सोपा आहे. शहरातल्या शर्क भागात आमच्या शाळेच्या संस्थापकांच्या देवानियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, दर बुधवारी कॉफीचे चिमुकले पेले फिरतात. पेला रिकामा होताच तो भरला जातो. पुरे झाले, की पेला परत देताना मनगटाने दोनदा हलवायचा. तोंडाने नकार नाही, यजमानाचा अपमान नाही आणि वेळही वाचतो. आधी घरी पाण्याचा कप घेऊन सराव कर. मनगट हलले पाहिजे, कोपर नव्हे.

काकूचेही आशीर्वाद. खुशाली कळवत जा.
देवेंद्रकाका

हॅल्डन
२ मे

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

विलो गल्लीतल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिसेस हार्टलींकडे मी तुमच्या पद्धतीने कप हलवला. त्यांना वाटले, थंडीने माझा हात थरथरतो आहे. त्यांनी दुसरा कप भरला आणि माझ्या अंगावर शाल घातली! मग उठणार कशी? त्या दुसऱ्या कपावर त्यांनी सांगितले, की गल्लीतली बस बंद झाल्यापासून तिथली म्हातारी माणसे मतदानालाच गेलेली नाहीत. ती बस परत आणायचा मुद्दा मी पत्रकात सर्वांत वर घेतला.

काल मिसेस हार्टलींनी आपणहून टॅक्सीच्या तीन फेऱ्या करून गल्लीतल्या अकरा जणांना मतदानाला नेले. इतक्या चहाने मी अडचणीत येईन म्हणून घाबरू नका. मतासाठी उमेदवाराने चहा पाजणे हा इथे गुन्हा आहे, उमेदवाराने पिणे नाही.

जेमतेम निम्मी दारे झाली, पण काका, मी नऊ मतांनी निवडून आले.

आशीर्वाद असू द्यावेत.
आपली,
अक्षरा

महबूला
४ मे

चि. अक्षरास,
अनेक आशीर्वाद आणि मनःपूर्वक अभिनंदन.

अरुणने मंगफच्या साऱ्या इमारतीत पेढे वाटले. भागीदारीचे नावही काढत नाही. उलट तू पार्लमेंटला कधी उभी राहणार, असे मलाच विचारतो.

तक्ता मी पुन्हा तपासला. भागाकार बरोबर होता, चहाचा रकाना मात्र राहून गेला होता. पुढच्या निवडणुकीचा नवा तक्ता सोबत पाठवतो आहे. त्यात तो रकाना सर्वांत रुंद आखला आहे, आणि विलो गल्लीपुढे दोन कप लिहिले आहेत.

तुझा,
देवेंद्रकाका