सगळ्यांचं ऐकणारा मोड

सोमवार, १८ एप्रिल १९८८
अंधेरीच्या ऑफिसात आज सहदेव साहेबांनी नेटवर्क ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरना वायरवरून एकमेकांना निरोप पाठवू देणारा प्रोग्राम, माझ्याकडे सोपवला. सध्या प्रत्येक मशीन फक्त स्वतःच्या नावचे निरोप उचलतं. दोन नवे मोड हवेत. एकाने निरोप सगळ्या मशीनना एकदम जावा, दुसऱ्याने वायरवरचं सगळं ऐकू यावं. पुढच्या बुधवारी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलला डेमो. ऑर्डर गेली तर आम्हा बारा जणांची वाट लागली. म्हटलं, साहेब, शुक्रवारी देतो. खरं तर गुरुवारीच होईल.

बुधवार, २०
पहिला मोड चालला. दोन मिनिटं. मग ऑफिसातली तिन्ही मशीन ठप्प. वायरचा दोष. अनुपमा, सहा महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी, म्हणाली, अनंत, कोड बघू का? म्हटलं, नको गं, गोंधळशील.

शुक्रवार, २२
वायर बदलली. वायरचा दोष नव्हता. मशीनमध्ये वायर जोडायचं जे कार्ड असतं, त्याचा असणार. साहेबांना सांगितलं, नव्वद टक्के झालंय.

सोमवार, २५. दुपारी १
कार्ड बदललं. तेच. साहेब म्हणाले, परवा लोक येतायत, काय ते स्पष्ट सांग. म्हटलं, झकास चाललंय.
पहिला मोड तूर्त बाजूला. विचारपूर्वक.

दुपारी ४
अनुपमाने जाता जाता विचारलं, मोड बदलताना येणारे निरोप थांबवतोस ना? म्हटलं, अर्थात. मग बघितलं. थांबवत नव्हतो. ती बोलली नसती तरी मी बघणारच होतो.

मंगळवार, २६. सकाळी ११.१०
चालला! दुसरा मोड चालला! सगळ्यांचे निरोप माझ्या स्क्रीनवर. साहेबांना हाक मारणार, तेवढ्यात त्यांचाच निरोप सरकला, अनुपमाला: उद्या तुझाच ड्रायव्हर लावू. अनंतला आत्ता सांगू नकोस.
तिचं उत्तर: सर, त्याला सांगायला हवं ना.

११.४०
मशीन बंद करून बसलोय. पर्यायी व्यवस्था असेल. कुठलाही शहाणा साहेब ठेवतो.

बुधवार, २७
तिचा ड्रायव्हर. दोन्ही मोड. तासभर एकदाही अडकला नाही. ऑर्डर मिळाली.
हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कोणी केलं? साहेब माझ्याकडे बघेनात. मी तोंड उघडलं. खोटं कशाला लिहू, 'मी' म्हणणार होतो. अनुपमा आधी बोलली. म्हणाली, आम्ही दोघांनी.
बाई माझ्याकडे वळल्या. दोन्ही मोड एकाच वेळी चालतात का?
मला माहीत नव्हतं. म्हटलं, ते हिला विचारा.