गुलाबी दाण्यांच्या चांदण्या

जबलपूर,
६ जानेवारी

प्रिय प्रणोती,

पत्र घरी न येता तुझ्या ऑफिसात आलेलं पाहून दचकू नकोस. आई बरी आहे, आणि माझं ब्लडप्रेशरही गोळीच्या धाकात आहे. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर पाकीट तुझ्याआधी इंदूने फोडलं असतं. मोबाईलवर लिहावं, तर तो तुझ्यापेक्षा तिच्याच हातात जास्त असतो. फोन केला की तू लगेच स्पीकर लावतेस. म्हणून बऱ्याच वर्षांनी पोस्टात जाऊन पाकीट आणि तिकीट घेऊन आलो. वाचून झालं की फाडून टाक, घरी नेऊ नकोस.

तुझा परवाचा मेसेज मी चार-पाच वेळा वाचला. आठ दिवस खपून पोरीने चांदण्या केल्या, आम्ही पुण्याला पोचून दोन दिवस होत नाहीत तोच तुम्ही त्या सगळ्या काढून टाकल्या, पाखरांनी अंगण थोडं घाण केलं तर असं काय बिघडलं, असं तू विचारलंस. तुझा राग बरोबर आहे. खाली एक ओळ होती, की इंदू म्हणते पुढच्या नाताळला जबलपूरला जायचं नाही, आजोबांना पक्षी आवडत नाहीत. ती ओळ मी आईला वाचून दाखवणार नव्हतो. तिने माझ्या हातातून मोबाईल घेऊन स्वतःच वाचली, आणि स्वयंपाकघरात गेली.

तुझ्या लहानपणचा आपला नाताळ आठव. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये असताना मी माळ्याला करंज्यांचा डबा देऊन मोरपंखीचा शेंडा तोडून आणायचो, त्यावर थर्माकोलचा बर्फ आणि चमकी भुरभुरायचो, आणि ती चमकी पार ईस्टरपर्यंत आमटीत सापडायची. तिथल्या अंगणातल्या पेरूला दिव्यांच्या माळा गुंडाळायचो, त्या नव्या वर्षापर्यंत रात्रभर जळायच्या. त्या झाडावर कोणी झोपतं, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. यंदा तुझी लेक वही घेऊन आली. शाळेतल्या बाईंनी सांगितलेले नियम तिने घरात शिरल्या शिरल्या उभ्यानेच वाचले. झाड तोडायचं नाही, चमकी नाही, थर्माकोल नाही, पाखरं बसतात त्या झाडाला दिवे नाहीत, आणि शेवटचा नियम म्हणजे नाताळचा फराळ पाखरांनाही. मग कमरेवर हात ठेवून तिने सगळं घर तपासलं. जुनी चमकीची पुडी तिला माळ्यावर सापडली तेव्हा मला तिने असं झापलं, की चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबाने झापलं नसेल. मनातून मी खूश झालो. म्हटलं, फॅक्टरीतल्या इन्स्पेक्टरची नात शोभते.

चांदण्या कशा झाल्या ते तू अर्धंच पाहिलंस, कारण तुझं ऑफिस लॅपटॉपवर चालू होतं. माती तिलवाऱ्याहून आणली, ती नर्मदेचीच हवी म्हणून तिचा हट्ट. त्यात कणीक आणि गुळाचं पाणी घालून दोघांनी मळली. टांगायला दोरा घेतला, तर त्याचं टोक जाळून पाहायला मी तिला शिकवलं. वितळला तर नायलॉन, राख झाली तर सुती. पाखराचा पाय अडकला तर सुती दोरा तुटतो तरी. एवढी काळजी घेतली आम्ही, प्रणोती. दोऱ्याचीसुद्धा घेतली.

दाणे म्हणून ती आपल्या डब्यातली ज्वारी लावत होती. मलाच ते फिकं वाटलं. म्हटलं, नाताळ आहे, जरा रंग पाहिजे. कुंडमचा तुळशीराम तुला आठवत असेल, माझ्या सेक्शनला होता, आता गावी शेती करतो आणि दरवर्षी नाताळच्या आधी आपल्याकडे मटार घेऊन येतो. त्याच्याकडे मागे मी गुलाबी रंगाचा गहू पाहिला होता. फोन करून म्हटलं, येताना तो थोडा आण. त्याने पिशवी हातात देताना सांगितलं, साहब, बोनी से बचा है. म्हणजे पेरणीतून उरलेला. मी ते ऐकलं आणि इंदूला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की हे साधे दाणे नाहीत, पेरणीचे आहेत, निवडून घेतलेले, सगळ्यांत चांगले. तुळशीरामची काही चूक नाही. कशाला हवेत ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. साहेब रिटायर झाले, अंगणात दोन वाफे पेरत असतील, असं त्याला वाटलं. माझे आजोबा आर्वीकडे शेती करायचे, त्यांनी पिशवीत डोकावून पाहताक्षणी ती माझ्या हातातून ओढून घेतली असती. मला गहू माहीत आहे तो चक्कीवरचा.

इंदूने विचारलं होतं बरं का. आजोबा, गहू गुलाबी कसा? मी म्हटलं, नाताळचा आहे म्हणून. तिचे तळवे गुलाबी झाले, तेच तिने गालांना लावले, आणि तू तो फोटो काढलास.

चोवीस तारखेला इथल्या अंगणातल्या पेरूवर चाळीस चांदण्या लागल्या. पंचवीसला चर्चमधून आल्यावर पोर फराळाचं ताट सोडून खिडकीत बसली, पण एक पाखरू फिरकलं नाही. सव्वीसला तुम्ही निघालात तेव्हा ती रडवेली होती. बारा चांदण्या तिने पुण्याच्या बाल्कनीसाठी बरोबर घेतल्या आणि मला बजावलं, की इथे कोण येतं त्याची खबर रोज द्यायची. सत्तावीसला सकाळी दोन होले आले, इथले लोक फाख्ता म्हणतात ते. मी श्वास रोखून व्हिडिओ काढला. तो तू नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास, इंदूने दोघांची नावं ठेवली, आणि फोनवर तिचं ओरडणं ऐकून मी या वयात अंगणात नाचायचाच बाकी राहिलो होतो.

दुपारी त्यातला एक पेरूखाली फुगून बसला होता. मला वाटलं, ऊन खात असेल. जवळ गेलो तरी उडेना, मान थरथरत होती. दुसरा पाण्याच्या कुंड्यापाशी पडलेला. त्याच्यापलीकडे तीन चिमण्या. आईने जिवंत होता त्याला चपलांच्या खोक्यात ठेवलं आणि आम्ही ऑटोने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मी खुणेला एक चांदणीही नेली होती. डॉक्टर तरुण होता, त्याने होल्याकडे नंतर पाहिलं, आधी चांदणी हातात घेतली. अंकल, म्हणाला, इस पर तो दवाई चढ़ी है, रंग इसीलिए डालते हैं कि कोई खाए नहीं. म्हणजे पेरणीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून चोळतात ते विष. मी तिथल्या बाकावर बसलो. प्रणोती, मी जन्मभर फॅक्टरीत दारूगोळ्याच्या पेट्यांवरचे रंग वाचले. तांबडा पट्टा दिसला की हात लावण्याआधी थांबायचं, हे मी शंभर पोरांना शिकवलं असेल. आणि घरात पिशवीभर तांबडं पाहून मला नाताळ सुचला. डॉक्टरने चोचीत काहीतरी थेंब सोडले, पण त्याच्या तोंडावरूनच कळलं. परत येताना ऑटोत आईच्या मांडीवर तो गेला. तिने मला एकच विचारलं, अहो, पोरीने हात धुतले होते नं?

म्हणून मी चार दिवस सकाळ-संध्याकाळ फोन करून इंदूच्या पोटाची चौकशी करत होतो, आणि तू वैतागून म्हणालीस, बाबा, तिला काही झालेलं नाही. ते ऐकायलाच मी फोन करत होतो. त्या बारा चांदण्यांना कीड लागलीय, आत्ताच्या आत्ता पिशवीत बांधून फेक आणि हात साबणाने धू, हे सांगितलं तेही त्यासाठीच. इथल्या मी त्याच संध्याकाळी उतरवल्या. तरी दुसऱ्या दिवशी आणखी सहा चिमण्या आणि एक खार सापडली. बाजूच्या कंपाउंडात किती पडली असतील, कोण जाणे. घरामागे कमरेएवढा खड्डा खणून सगळं पुरलं, चांदण्यासुद्धा. आईने प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, पण मला तिथे उभं राहवलं नाही.

आणि नेमका त्याच दिवशी इंदूचा व्हिडिओ कॉल आला, की झाड दाखवा. रिकामा पेरू दिसल्यावर तिने विचारलं, चांदण्या कुठे? माझ्या तोंडून जे पहिलं निघालं ते निघालं, की पाखरांनी अंगण फार घाण केलं, काढून टाकल्या. ती म्हणाली, मग पाणी टाकायचं ना, आजोबा. एवढंच म्हणाली आणि फोन तुझ्याकडे दिला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. नव्या वर्षालासुद्धा नाही.

मी तीनदा तिला पत्र लिहायला बसलो. काय लिहू? खरं सांगितलं तर आठ वर्षांच्या पोरीला कळणार, की तिने नाव ठेवलेले दोघंही तिच्या हातच्या चांदण्या खाऊन मेले. तू म्हणतेस, ती तो व्हिडिओ रोज शाळेतून आल्यावर लावते. खरं कळल्यावर ती तो कसा पाहील? चूक माझी होती हे मी शंभरदा सांगेन, पण दाणे चिकटवले तिच्या बोटांनी, आणि ती तेवढंच लक्षात ठेवेल. मी तिला ओळखतो. पुन्हा ती कुठल्या पाखरापुढे दाणा टाकायची नाही. आणि नाही सांगितलं, तर आजोबांना पक्षी नकोत हे ती माझ्या मरणापर्यंत धरून बसेल. यातून मला काही वाट दिसत नाही. मला तिचा आवाज ऐकायचा आहे गं, दुसरं काही नको.

मी गप्प राहायचं ठरवलं होतं. तुलासुद्धा कधी कळू दिलं नसतं, रागवा म्हटलं दोघीही. पण काल तुझा दुसरा मेसेज आला, की बाईंना चांदण्या फार आवडल्या, पुढच्या आठवड्यात शनिवारी इंदू वर्गातल्या चाळीस मुलांना त्या करायला शिकवणार आहे, आणि ती ज्वारीला तयार नाही, तिला आजोबांचेच गुलाबी दाणे पाहिजेत, तेव्हा पाचेक किलो कुरिअरने पाठवा. तो वाचल्यावर हे पत्र लिहायला बसलो. तू वाण्याकडून आपण खातो तीच ज्वारी-बाजरी आण, स्वतःच्या हाताने धुऊन वाळव, आणि वर्गात एकही रंगीत दाणा जाऊ देऊ नकोस. तिला शिकवू दे, थांबवू नकोस. गुलाबी काहून नाहीत म्हणून ती भांडेल, रडेलही. तेव्हा तू एवढंच सांग तिला, की मी मागितले होते, पण आजोबांनी दिले नाहीत.

तुझाच,
बाबा