पुढच्या खोलीतलं खारं पाणी

२२ जून, रविवार
टाकी मांडली. तीन फुटी, पुढच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीला. आरओचं पाणी भरता भरता अकरा वाजले. सुरतहून आणलेलं समुद्राचं मीठ बादलीत ढवळून दंड भरून आले. घनता १.०२५. बरोब्बर आली तेव्हा एकटीच हसले.
हे दारातून बघत होते. "आपला कोरीट गावमा समुद्र? आनि मासा कोठे शे?" म्हटलं, महिनाभर तरी मासा नाही, आधी दगडांवर जंतू वाढायचे, माशाची घाण खाणारे. ते वाढले की मासा. "म्हंजे जंतू पाळी ऱ्हायनी तू," म्हणाले आणि शेतात गेले.

२५ जून
बाजारातून एक कच्चा झिंगा आणून टाकला. सडू दे. सडला की अमोनिया, अमोनियावर जंतू.
एकोणतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये काढली. बाटल्या धुतल्या, ब्युरेट भरल्या. मार्क पोरांना, नाव सरांचं. हा प्रयोग माझा. बिघडला तरी माझाच.

२९ जून
वास सुटलाय. वासावर जिजी आली. थोरली जाऊ, शेजारचं घर, म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. पदर नाकाला.
"औंदा कानबाई आपले घर शे. चौरंग याच भितले बसस, माहीत शे ना तुले?"
माहीत आहे. कानबाई, श्रावणातला आमचा देवीचा सण, तीन ऑगस्टला.
"तवपावत मासा दखाड. नही ते टाकी गोठामा."
तोवर दाखवते म्हटलं. तोंडातून निघून गेलं. निघालं तर निघालं. गोठ्यात म्हशींशेजारी ठेवायला मी हे मांडलेलं नाही.

८ जुलै
अमो. चढला. तपासणीच्या नळीत रंग गर्द हिरवा. दगड तपकिरी व्हायला लागलेत, खरकटं लागल्यासारखे. असंच व्हायला हवं. पण हे सांगायचं कोणाला? घरात ज्याला त्याला घाण दिसते.

१७ जुलै
दुपारी चार तास लाईट नाही. पंप बंद, पाणी मुकाट. ताकाची रवी घेऊन बसले, जंतूंना हवा मिळावी म्हणून दर दहा मिनिटांनी घुसळलं. हे जेवायला आले, "ताक व्हयनं का?" रागानं रवी आणखी जोरात फिरवली. मग मलाच हसू आलं.

२४ जुलै, अमावास्या
उद्यापासून श्रावण. जिजी उंबऱ्यात. "सावनमा घरमा झिंगा सडाडशी?"
यात तिचं चूक नाही. झिंग्याचं उरलंसुरलं काढलं, लिंबाच्या झाडाखाली पुरलं. जिजीला वाटलं, संपलं. संपलं कसं? धुळ्याहून नवसागर मागवलाय, लॅबमधला, शुद्ध. पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा, त्याच्याकडे असायचा तोच पदार्थ. अमोनियाच्या जागी अमोनिया. श्रावणालाही चालतो, जंतूंनाही. रोज मोजून चिमूटभर.

३० जुलै
काल टाकलेला नवसागर चोवीस तासांत फस्त. अमो. शून्य. पिवळाधमक. अमोनिया खाऊन जंतू जे टाकतात ते नायट्राइट अजून थोडं जांभळं आहे, तेही उतरतंय. सुरतच्या मासेवाल्याला फोन. "बहन, दो-तीन दिन और. जोडी रख दी है." केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची जोडी. फोटो पाठवला त्यानं, दहा वेळा तरी पाहिला असेल.

१ ऑगस्ट, शुक्र.
बँकेच्या कामाला नंदुरबारला गेले होते. चारला परत. पुढची खोली लख्ख, भिंतींना रंग, गोधड्या धुऊन दोरीवर. आणि ओट्यावर उन्हात माझे दगड. पांढरेशुभ्र.
जिजीचे हात लाल झालेले. "घान व्हयेल व्हतात. देवीसमोर तसाच ठेवतू का? उकयतं पानी, सोडा टाकीसन घासात. देख, कशा चकचकीत."
चाळीस दिवस.
कानबाईला घरातली चिंधीसुद्धा न धुता राहत नाही, तिथे दगड कसे राहतील. मलाच कळायला हवं होतं. ती घाण नव्हती, पीक होतं, हे जिजीला कधी सांगितलंच नाही. मोरीत जाऊन रडले. दुःखानं नाही, संतापानं. जिजीवर की स्वतःवर, माहीत नाही.

२ ऑगस्ट
हे म्हणाले, "जाऊ दे आते. सन व्हई जाऊ दे, गोठामा ठेवू." नाही म्हटलं. कधी नव्हे ते आवाज चढवून.
दगड आरओच्या पाण्यात तीनदा खळबळून परत ठेवले. टाकीच्या तळाची वाळू कोणी घासलेली नाही. वाळूत जंतू असतात. असावेत.
मग जिजीकडे गेले. चौरंग टाकीशेजारी बसेल, जागा मोजलीय, म्हटलं.
"तू मासा दखाडनार व्हती."
"तुम्ही माझे जंतू उकळले, जिजी."
लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तिच्या तोंडावर असं पहिल्यांदा बोलले. मग झिंग्यापासून सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. तव्यावरची करपली. शेवटी म्हणाली, "मंग माले आधी सांगानं व्हतं." बरोबर आहे. सांगायला हवं होतं.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. टाकी शेजारीच, हललेली नाही. भाऊबंदांच्या बायका वाकून वाकून बघत होत्या. एकीनं विचारलंच, "यामा ते काहीच नही. कसाले ठेवी शे?"
मी तोंड उघडायच्या आत जिजी म्हणाली, "पानी पिकी ऱ्हायनं. मासा मांगून येतीन." आणि तिला रोटाच्या, देवीच्या प्रसादाच्या, कामाला लावलं.

५ ऑगस्ट
काल सकाळी कानबाईचं विसर्जन. संध्याकाळी सहाला नवसागर टाकला, पुरा डोस. आज सहाला तपासणी; जंतू उरले असतील तर अमो. शून्य. पावणेसहालाच जिजी हजर.
नळीत थेंब टाकलेत. पाच मिनिटं थांबायचं, तेवढ्यात हे लिहितेय.
"कोनता रंग पाहिजे?"
"पिवळा."
"आनि हिरवा उना ते?"
"पहिल्यापासून. परत दीड महिना."
जिजीनं बोटांवर मोजलं. गणपती त्यातच येतात. "येऊ देत. मी हात लावाव नही, कोनले लावू देवाव बी नही."
हिरवा आला तर आला. नवसागराची बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली आहे, आणि मला कुठे जायचं नाही. सुरतवाल्याला जोडी राखून ठेव म्हटलंय. किती दिवस, ते सांगितलेलं नाही.
तीन मिनिटं झाली. नळी उजेडाला धरून जिजी बसलीय, पापणी लवत नाही. आता माझ्यावरच खेकसली, "लिखी काय ऱ्हायनी, देख ना."