दहा जूनचं पाणी

आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा
२७ ऑक्टोबर २०२२

चि. धम्मदीप यास,

गुलाबमामाचा सप्रेम जय भीम. तुझी पाठ आता कशी आहे? (खुर्चीत बसून पाठ दुखते हे मला अजून पटलेलं नाही. चिखल्याच्या खाणीत मी एकतीस वर्षं टाइमकीपर होतो, तेही खुर्चीतच, आणि त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता.) सूनबाई रश्मीला आशीर्वाद सांग. इकडे मी, तुझी मामी पंचफुला आणि बांध्यांमधलं धान, तिघंही खुशाल आहोत. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणत राहतोस आणि मागे बटणं खटखट वाजत राहतात.

मागच्या वर्षी तू सगळ्यांसमोर मला म्हणाला होतास, "मामा, या वयात कायले प्रोग्राम लिहाले शिकून राहिले?" आज उत्तर देतो. आपल्या तलावाच्या पाणी वापर संस्थेत ऑक्टोबर लागला की पाळ्या ठरतात, म्हणजे कोणाच्या बांधीत कोणत्या तारखेला पाटाचं पाणी सोडायचं ते. धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळचं हे शेवटचं पाणी. ते चुकलं तर लोंबीत दाणा भरत नाही, नुसता पोचा राहतो. ही यादी सचिव इश्वरभाऊ कागदावर करायचे आणि दरवर्षी भांडण व्हायचं. (दोन वर्षांपूर्वी तर पाटाचं पाणी अडवायची लाकडी फळीच कोणीतरी घरी नेली होती.) म्हणून मी सहा महिने खपून प्रोग्राम लिहिला. शेतकऱ्यांची नावं आणि पाटावरचा क्रम द्यायचा, पहिली तारीख द्यायची, की यादी तयार. माझ्या लॅपटॉपवर मी ती चाळीस वेळा काढून पाहिली. एक चूक नाही. मग तो प्रोग्राम संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसवला आणि तीन ऑक्टोबरला सकाळी यादी छापून भोंग्यावर वाचायला मीच उभा राहिलो. इश्वरभाऊंनी माईक मागितला होता. मी दिला नाही.

पहिलं नाव डोमाचं. मी खणखणीत आवाजात वाचलं, दहा मे. दुसरं कौशल्याबाईंचं, दहा जून. जीभ डोळ्यांच्या पुढे धावत होती, म्हणून तिसरंही वाचून टाकलं, ताराचंद, दहा जुलै. ताराचंद समोरच उभा होता. तो म्हणाला, "गुलाबभाऊ, हे पाणी धानाले हाय का माह्या तेरवीले?" भोंगा चालूच होता, त्यामुळे लोकांचं हसणं पार पाटाच्या टोकापर्यंत पोचलं.

हसण्यावर गेलं असतं तर मी सोसलं असतं. पण इश्वरभाऊंनी माझ्या हातातून कागद घेतला, बोट फिरवत खाली आले आणि म्हणाले, "वरच्या सगळ्याईचं उलटंपालटं, अन् तुमचं तेवढं दहा ऑक्टोबर. बरोब्बर." धम्मदीप, खाणीत मी कोण खाली उतरला आणि कोण वर आला याची नोंद ठेवत होतो. एक नाव चुकलं तर खाली माणूस राहिला असं धरून सगळी खाण थांबवावी लागते. एकतीस वर्षांत माझं एक नाव चुकलं नाही. आणि इथे माझ्याच गावात लोक माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी रात्रीतून त्यांचं पाणी वळवून घेतलं. त्यातल्या त्यात ललिताबाई म्हणाल्या, "गुलाबभाऊ तसा माणूस नाही, पयले त्याले पाहू तर द्या." त्यांची बांधी पाटाच्या अगदी टोकाला, तिथे पाणी पोचलं तर पोचलं. त्यांनी माझी बाजू घ्यावी हे मला फार लागलं, चांगल्या अर्थाने.

त्या दिवशी मी घर ते संस्था अशा तीन चकरा मारल्या. घरी लॅपटॉपवर तारखा बिनचूक, तिथे मे-जून-जुलै. प्रोग्राम तोच, नावं तीच. तुला दोन फोन केले, तू मीटिंगमध्ये होतास. (असू दे.) दुपारी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहत असताना अचानक माझ्या ध्यानात आलं की चुकलेल्या सगळ्या तारखा दहाच आहेत. सहा ऑक्टोबर म्हणजे ६/१०, त्याला तिथला कॉम्प्युटर दहा जून समजत होता. आधी महिना, मग दिवस! माझी पाळी १०/१०, कशीही वाचली तरी दहा ऑक्टोबरच. आणि तेरा तारखेपासून पुढची नावं बरोबर, कारण तेरावा महिना कुठून आणणार?

आता पुढचं नीट वाच, तुमच्या कंपनीत हे शिकवतात की नाही मला माहीत नाही. प्रोग्राम आधी प्रत्येकाची तारीख आकड्यांत मांडतो; त्या तारखा वाचून महिन्याचं नाव छापायचं काम मी स्वतः लिहिलं नव्हतं, त्यासाठी दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेली तयार लायब्ररी घेतली होती. (ललिताबाईंना आधी वाटलं मी विहारातल्या वाचनालयाबद्दल बोलतो आहे.) माझ्याकडे तिची २.३ आवृत्ती. संस्थेच्या कॉम्प्युटरवर मात्र कधीकाळी कोणीतरी बसवलेली १.६ पडून होती. 'आधी दिवस वाच, मग महिना' हा हुकूम त्या लायब्ररीला समजू लागला तो २.० पासून. जुनीने तो ऐकला नाही, आणि ऐकला नाही हे सांगितलंही नाही. आणि मी प्रोग्रामसोबतच्या फायलीत, जिथे काय काय लागतं ते लिहितात, तिथे लायब्ररीचं नुसतं नाव लिहिलं होतं. कॉम्प्युटरने पाहिलं, या नावाची आहे, झालं काम. कितवी पाहिजे हे मी सांगितलंच नव्हतं. दोष माझा.

मी त्या नावापुढे 'किमान २.०' लिहिलं, नवीन आवृत्ती बसवली, आणि वर प्रोग्रामलाही सांगून ठेवलं की जुनी दिसली तर यादी काढायचीच नाही, पडद्यावर लिहायचं: "लायब्ररी जुनी हाय. पयले नवी टाका, मंग बोलू." चार तारखेला सभेत दोन्ही कागद भिंतीला लावून सगळ्यांना समजावलं. डोमाने विचारलं, "म्हंजे आता कोणत्याबी कॉम्प्युटरवर चुकणार नाही?" मी म्हटलं, नाही. मग मी माझी दहा तारीख सोडली आणि माझं नाव सगळ्यात शेवटी, ललिताबाईंच्याही मागे, पंचवीस तारखेला टाकलं. इश्वरभाऊ उठून म्हणाले, "मी बोललो ते बोलाले नको होतं." एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं.

परवा, पंचवीसला, माझ्या बांधीत पाणी आलं. थोडं कमी, पण आलं. वीस दिवसांत एक भांडण नाही, फळी जागेवर. ललिताबाईंच्या टोकाच्या बांधीत चोवीसला पोटरीभर पाणी उभं होतं, आणि ते पाहायला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. माझी छाती किती फुगली ते लिहीत नाही, तू अतिशयोक्ती म्हणशील.

तुझा
गुलाबमामा

ता. क. पत्र तुझ्या मामीने वाचलं. 'अचानक माझ्या ध्यानात आलं' या ओळीवर ती तांदूळ निवडता निवडता थांबली. तिचं म्हणणं असं की ध्यानात तिच्या आलं, "सगळे दहा तारखेलेच कसे जी?" असं तिने विचारलं आणि मी तिला "तुले समजणार नाही" म्हणालो. तिच्या समाधानासाठी हे लिहितो. खरंही आहे.

आणखी एक ता. क., हे तिला दाखवलेलं नाही. काल इश्वरभाऊंनी कौतुकाने 'सगळं नवीन करा' हे बटण दाबलं. लायब्ररीची ३.० बसली, किमान २.० पेक्षा चांगली मोठी, म्हणून माझ्या प्रोग्रामने काही हरकत घेतली नाही. आता तो उघडतच नाही. कमीत कमी किती ते मी लिहिलं, जास्तीत जास्त किती ते लिहायचं असतं का? असेल तर कुठे? उन्हाळी धानाची यादी काढायच्या आत शनिवारी ये. कोणी विचारलं तर मामीच्या हातचं जेवायला आलो म्हण.