उभ्यानं प्यायची कॉफी

सालेर्नो,
१० फेब्रुवारी १९८६

चि. ओर्नेल्ला हिस,
आजी एर्सिलियाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तोरिनोत बर्फ पडतोय आणि तू बिनटोपीची हिंडतेस, हे तुझ्या आईनं शेजारच्या तितीनाच्या फोनवर सांगितलं. म्हणजे आता ते गल्लीभर झालंच. म्हणून तर मी फोनला हात लावत नाही, लिहिते. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण ते निदान दुसऱ्याच्या घरात जाऊन आरवत नाही.

आता बातमी. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. काल मी सावेरियोशेटच्या बेकरीत बसले.

हो, बसले! चर्चमधून आल्यावर सगळी गल्ली तिथं कॉफीला जाते, तुला माहीत आहेच. काउंटरला कोपर टेकायचं, आधी पाण्याचा घोट, मग कॉफी, मग रविवारच्या मिठाईचा पुडा रिबिनीनं बोटाला अडकवायचा आणि घरी. सगळं उभ्या उभ्या. खिडकीशी ते संगमरवरी टेबल आहे, दोन खुर्च्यांचं, त्यावर पुडे बांधतात. तिथं बसतात ती फक्त लग्न ठरवायला आलेली मंडळी. मुलगा-मुलगी समोरासमोर, दोन्हीकडची वडीलधारी खुर्च्यांमागं उभी. दोघांनी कॉफी संपवली की ठरलं. मग पाद्रीबाबांना नुसतं आमीन म्हणायचं उरतं. तुझा आजा पेप्पे आणि मी तिथंच बसलो होतो. माझा बाप मागं इतका ताठ उभा, की मला वाटलं खुर्चीला खांब आहे.

पण काल तुझ्या बापानं पाठवलेले नवे बूट घातले होते. टाच ही एवढी! रेनातोला वाटतं आई अजून नाचायला जाते. गुडघ्यातून अशी कळ आली की मी पुडे सरकवले आणि टेकले. कुणी बघितलंही नसतं गं. पण सावेरियो काउंटरमागून बाहेर आला. एका हातात माझी कॉफी, दुसऱ्यात स्वतःची, आणि समोरच्या खुर्चीत बसला. त्या माणसाला बायकोच्या मयतीतसुद्धा कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. बेकरी चिडीचूप. कॉफीचं मशीनदेखील फुस्स करून थांबलं. मी आपलं विचारलं, काय हो शेट, तुमचेही पाय दुखतात का? तर म्हणाला, नाही. एवढंच. आणि साखर ढवळत राहिला. तो साखर घेत नाही, ओर्नेल्ला.

दुपारपर्यंत समोरच्या खाटकानं टोपी काढून मला नमस्कार केला. संध्याकाळी तितीना दारात. विचारते कशी, अगं, बुधवारपासून ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागतात, त्यात काही लग्न लागायचं नाही, म्हणजे ईस्टरनंतरचंच धरायचं ना? मी हसून हसून दाराला टेकले. म्हटलं, ईस्टरनंतर मी तोरिनोला मुलाकडे कायमची चालले आहे, तू दुसरी नवरी शोध.

कालची स्फोल्यातेल्ला मात्र काय जमली होती! पापुद्रा दाताखाली वाळक्या पानासारखा वाजला आणि आतलं रिकोता चीज अजून कोमट. बाकी, बापाला हे बसण्याचं बोलू नकोस. टोपी घाल. तुझा लोभ माझ्यावर आहेच, तो थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी,
आजी

तोरिनो,
१९ फेब्रुवारी १९८६

ती. आजीस,
ओर्नेल्लाचा सा. न. (टोपी घालून) वि. वि.

मी बाबांना काहीच सांगितलं नाही. तितीनामावशीनं सांगितलं. बाबा सूप पीत होते, ते तसंच चमचा हवेत धरून बसले. मग म्हणाले, त्या सावेरियोला लहानपणापासून ओळखतो मी, तो माणूस विनाकारण बसणाऱ्यातला नाही. मग आईवर ओरडले की सूप गार आहे.

तर आता तुझं ईस्टरनंतरचं येणं अलीकडे आलंय. ईस्टरच्या आदल्या, डहाळ्यांच्या रविवारी बाबा स्वतः न्यायला येणार. तुझी खोली रंगवून तयार आहे, फिकट हिरवी. खिडकीतून कारखान्याची भिंत दिसते. बाबा कौतुकानं सांगतात की भिंतही नवीनच आहे.

आजी, तू शेजारच्या खोलीत असणार म्हणून मला किती बरं वाटतंय ते लिहीत नाही, नाहीतर तू फुगशील. पण एक आठवतं. मागच्या हिवाळ्यात तू आलीस, तेव्हा कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यानं तुला विचारलं, साखर किती घालू? आणि तू दिवसभर कुणाशी बोलली नाहीस. आम्हाला वाटलं तुला थंडी बाधली. मला आत्ता कळतंय. साखर किती, हे तुला आयुष्यात कोणी विचारलंच नव्हतं.

खरं सांग हं, गुडघा खरंच दुखत होता?

माझ्यावरचा लोभ वाढव, आणि त्यातला थोडा शेटना दिलास तरी माझी हरकत नाही.

तुझी आगाऊ नात,
ओर्नेल्ला

सालेर्नो,
४ मार्च १९८६

चि. ओर्नेल्ला हिस,
आशीर्वाद, आणि कान पिरगाळून आणखी एक आशीर्वाद. वि. वि.

गुडघा खरंच दुखत होता. देवाशप्पथ.

त्यानंतर मी सपाट जुने बूट घालून गेले आणि काउंटरच्या पार दाराकडच्या टोकाला उभी राहिले. एका घोटात कॉफी, आणि बाहेर. सावेरियोनं माझा कप उचलून विसळला. पण त्या दिवसापासून बेकरीला कोणाची दृष्ट लागली कोण जाणे. एका रविवारी क्रीम खारट. पुढच्या रविवारी स्फोल्यातेल्ला अशा करपलेल्या की खाटकाच्या बायकोनं त्या कुत्र्याला घातल्या आणि कुत्र्यानं तिच्याकडे बघितलं. दुपारी शटर ओढून आत ठोकाठोक चालते. लोक म्हणतात, राग भांड्यांवर काढतोय. आणि दोष कुणाला, तर मला! खाटीक मला भर रस्त्यात म्हणाला, बाई, टेका की हो दोन मिनिटं, तुमच्या हट्टापायी आमच्या तोंडचं गोड का काढता? उपासात गोड सोडल्यामुळे पाद्रीबाबा तेवढे सुखात आहेत.

मग मी जायचंच बंद केलं. पाव हवा होता म्हणून खिडकीतून टोपली सोडली, नेहमीसारखी. बेकरी खालीच तर आहे. दोर ओढते तो टोपली जड. वर आल्यावर बघते तर पावाशेजारी कॉफीचं भांडं, वर बशी झाकलेली. चार मजले झुलत आली पण थेंब सांडला नव्हता. साखर घालून ढवळलेली, दीड चमचा, माझी. खाली तो उभा होता, पिठाळ टोपी हातात, मान वर. मी ओरडले, काय हो शेट, काय पाहिजे? तर म्हणाला, भांडं परत सोडा. सगळ्या खिडक्यांतून माणसं लटकलेली, आणि हा म्हणतो भांडं! तुझा आजा निदान गाणं तरी म्हणायचा, बेसूर का होईना.

हसतेस ना? हस. पण मी रेनातोला हो म्हटलंय, आणि ते उगीच नाही. परवा वर येताना तिसऱ्या मजल्याखाली मधल्या पायरीवर बसले ती बसलेच. वर जाववेना, खाली जाववेना. तिथं बसून मला या घराचं पहिल्यांदा भय वाटलं. हे बापाला कळवू नकोस, तो आजच गाडीत बसेल. पोरगा चांगला आहे माझा. तुझ्या आईवर ओरडतो तो काळजीनं, लहानपणी अंधारात ओरडायचा तसाच.

हिरव्या रंगाला माझी हरकत नाही. भिंतीला आहे.

लोभ असाच राहो, करपू न देता.

तुझी,
आजी

तोरिनो,
११ मार्च १९८६

ती. आईस,
रेनातोचा सा. न. वि. वि.

डहाळ्यांच्या रविवारी सकाळी पोचतो. त्याच दुपारच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. एकच बॅग भर, बाकीचं मी उन्हाळ्यात नेईन. नवे बूट घालून तयार राहा. ते मापाला बरे आहेत का, हे तू कळवलं नाहीस.

त्या टेबलाबद्दल मी बोलणार नाही. गल्लीत कोणी माझं अभिनंदन केलं, तर मी त्याच्याशीही बोलणार नाही. एवढंच म्हणतो की चार जिने आणि तुझा गुडघा एका घरात नांदत नाहीत. तू जिन्यात पडलीस तर मला कळणार कुणाकडून? तितीनाकडून?

रागावू नकोस. तुझ्यावाचून मला दुसरी आई नाही, म्हणून लोभ मागत नाही, धरूनच चालतो.

तुझा,
रेनातो

तोरिनो,
१२ मार्च १९८६

ती. आजीस,
घाईतला सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र कालच पेटीत पडलं, त्याच्यामागे माझी ही चिठ्ठी पळवतेय. बाबा ते लिहीत बसले होते, तेव्हा मी विचारलं, तुमचं आणि आईचं कुठं ठरलं हो? त्यांनी पेनात शाई भरायला घेतली. मग आई भांडी पुसता पुसता म्हणाली की त्याच टेबलावर. बाबांनी कप असा उचलला म्हणे, की अर्धी कॉफी संगमरवरावर आणि अर्धी पँटवर. आजी, तू त्यांच्या मागं उभी होतीस आणि तूच रुमाल दिलास! हे मला आजवर कोणी का सांगितलं नाही?

मला तू इथं हवी आहेस. तरीही पुन्हा विचारते, रविवारी गुडघा कसा असेल?

तुझ्या लोभाची, आणि उत्तराची, वाट बघणारी,
ओर्नेल्ला

सालेर्नो,
२४ मार्च १९८६

चि. ओर्नेल्ला हिस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आणि गालावर दोन पापे. वि. वि.

तुझा बाप हे पत्र घरी यायच्या आधी घरी पोचलेला असेल, आणि त्यानं काहीच सांगितलं नसेल. म्हणून क्रमानं लिहिते.

आधी संत जोसेफचा सण. पेप्पे म्हणजे जोसेफच, म्हणून दरवर्षी त्याच्या नावाच्या या दिवशी मी क्रीम भरलेले दोन जेप्पोले आणते, एक मला, एक त्याला, आणि दोन्ही मीच खाते. यंदा पुडा टोपलीतून वर आला. क्रीम खारट नव्हतं. काळी चेरी एकेकावर एकच असते, पण माझ्या जेप्पोल्यांवर दोन-दोन होत्या. खालून तितीना ओरडली की तिनं पुडा बांधताना बघितलंय! मी एक जेप्पोला तुझ्या आजाच्या फोटोपुढं ठेवला आणि त्याला सगळं सांगून विचारलं, काय करू? तो काही बोलला नाही. गोड समोर असलं की तो कधीच बोलत नसे.

काल रेनातो आला. गाडीत झोप नाही, दाढी वाढलेली, तरी आल्या आल्या माझी बॅग उचलून चार जिने खाली. म्हणाला, चर्च, एक कॉफी, आणि स्टेशन. बॅग बेकरीच्या काउंटरपाशी ठेवली. ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन आम्ही चर्चमधून परत आलो तर बेकरीत पाय ठेवायला जागा नाही. ज्यांना साखरेचा आजार आहे तेसुद्धा आलेले. पाद्रीबाबा म्हणे पाणी प्यायला आले होते.

रेनातोनं काउंटरवर दोन कॉफ्या सांगितल्या. सावेरियोनं त्याला विचारलं, साखर किती? मला विचारलं नाही. रेनातोनं ते ऐकलं. मी त्याचं तोंड बघत होते.

मग मी चालत टेबलापाशी गेले. तितीनानं न सांगता पुडे उचलले. जन्मात पहिल्यांदा तिचं तोंड बंद आणि हात चालू होते. मी बसले. सावेरियो टोपी काढून आला आणि समोर बसला. यावेळी त्यानं साखर घेतली नाही, ढवळायचं सोंगही केलं नाही.

तुझा बाप पुढं आला. आवाज चढवलान्, पण कडा फुटलेली होती आवाजाची. म्हणाला, शेट, तुमच्याबद्दल माझ्या मनात वाईट नाही. पण तिला जिने चढवत नाहीत हो. उद्या पडली तर?

सावेरियो जरा थांबला. तो मोठं बोलायच्या आधी थांबतो, हे मला आता कळायला लागलंय. म्हणाला, माझ्या खोल्या दुकानामागं आहेत. तिथं पायरी नाही. एक उंबरा होता, उंच, दगडी. तो मी महिनाभर दुपारचा फोडत होतो. काढला.

अगं, ती ठोकाठोक! आम्ही म्हणत होतो भांडी आपटतोय. क्रीम खारट झालं ते यामुळे, आणि स्फोल्यातेल्ला करपल्या त्याही यामुळेच. भट्टीत स्फोल्यातेल्ला आणि हा मागं छिन्नी घेऊन. खाटीक मोठ्यानं म्हणाला, अरे माणसा, सांगायचंस तरी, मी घण दिला असता!

कोणी हसेना. सगळे तुझ्या बापाकडे बघत होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पायांकडे. मी जुने सपाट बूट घातले होते. मग त्यानं काउंटरवरची आपली कॉफी उचलली, आला, आणि माझ्या खुर्चीच्या मागं उभा राहिला. नुसता उभा राहिला, माझा बाप राहिला होता तसा ताठ. फक्त त्याची बशी वाजत होती. मी मागं न बघता रुमाल वर धरला. त्यानं घेतला.

कॉफी आम्ही दोघांनी संपवली.

दुपारच्या गाडीनं तो एकटा गेला. जाताना सावेरियोला म्हणाला, स्टेशनवर चला माझ्याबरोबर, आणि वाटेत काय बोलले ते मला दोघंही सांगत नाहीत. बॅग मात्र वर नेली नाही. ईस्टरनंतर परत खालीच आणायची, तर पोराला चार जिने कशाला? ती बेकरीत आहे, पिठाच्या पोत्यांशेजारी, आणि त्या बॅगेपायी तितीनाला झोप नाही.

हिरवी खोली तू घे. भिंतीवर काहीतरी लाव. आणि मे महिन्यात ये, तुला कोणाच्या खुर्चीमागं उभं करायचं ते मी आत्ताच ठरवत नाही, पण तुझ्या याआधीच्या, हिवाळ्यातल्या पत्रांतून तिथल्या दवाखान्यातल्या एका पोराचं नाव फार वेळा यायचं, तेवढं मोजून ठेवलंय.

लोभ साखरेसारखा असतो, तळाशी बसतो. ढवळत राहा.

तुझी,
आजी

ता. क. तू दोनदा विचारलंस म्हणून. पहिल्या वेळी गुडघा खरंच दुखत होता. काल अजिबात नाही.